पाठीला पाठ लावून दोनशे किलोमीटर

आमच्या सायकलवर मी पुढे तोंड करून बसतो आणि बायको मागे तोंड करून बसते, याचा आमच्या संसाराशी काही संबंध नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षभरात ज्यांनी ज्यांनी ही सायकल पाहिली, त्या प्रत्येकाने आधी सायकलकडे, मग आमच्याकडे बघून "अस्सं!" म्हटलेलं आहे. दोष द्यायचाच तर तो आमच्या इमारतीच्या नियम क्रमांक चौदाला द्यावा.

त्याचं असं झालं. बायकोच्या मानेचे मणके एकमेकांवर रुसले आणि डॉक्टरांनी तिची सायकल बंद केली. तीस वर्षं ती सायकलवरून शाळेत चित्रकला शिकवायला गेली होती. आता ती फक्त दर रविवारी जिन्याखाली जायची, तिथल्या सायकलच्या साखळीला तेल घालायची, पायडल हाताने चार वेळा फिरवायची आणि वर यायची. असे सतरा रविवार मी मोजले. मोजण्याची मला सवय आहे. परिवहन कार्यालयाच्या वेळापत्रक विभागात मी चौतीस वर्षं काढली. गाडी किती वाजता पोचेल ते मी लिहायचो, आणि ती खरोखर किती वाजता पोचली ते प्रवासी लिहायचे, तक्रारवहीत.

अठराव्या रविवारआधी मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "सायकल बंद म्हणजे नेमकी किती बंद?"

डॉक्टर म्हणाले, "मान ताणून, हातांवर भार टाकून बसायची सायकल बंद. आरामखुर्चीत बसून पायडल मारता येत असेल तर खुशाल मारू दे."

हा विनोद होता. डॉक्टरांनी विनोद करू नयेत असं माझं मत आहे. पेशंट हसून सोडून देतो, पेशंटचा नवरा ते अमलात आणतो.

कारण आरामखुर्चीची सायकल असते. तिला आडवी सायकल म्हणतात. पाठ टेकायची, पाय समोर पसरायचे, पायडल नाकासमोर येतात आणि माणूस जमिनीपासून हातभर उंचीवर, निवांत, जणू वर्तमानपत्र वाचत चालला आहे असा रस्त्याने जातो. अशा सायकलींवरून लोक हजार-बाराशे किलोमीटरच्या शर्यती मारतात, आणि उतरल्यावर त्यांची मान जाताना होती तशीच असते. आमच्या भागातही एक शर्यत होती. दोनशे किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं, वाटेत तीन चौक्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि एका चौकीपासून दुसरीपर्यंत कोणाचीही कसलीही मदत घ्यायची नाही. मी माहितीपत्रक बायकोपुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "साडेसात म्हणजे अंधार पडायच्या आत ना?"

एवढंच. पण त्या रविवारी ती साखळीला तेल घालायला खाली गेली नाही.

मी लगेच जाहीर केलं, "आपण जोडीची सायकल करून घेऊ. मी चालवीन. तू मागे आरामात बस." या वाक्यातला मोठेपणा तेव्हा मला स्वतःलाच फार आवडला होता.

सायकल करणार कोण? गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर आहे. तो म्हणाला, "वहिनींसाठी ना? मग होईल." त्याने फरशीवर खडूने चित्र काढलं. एकामागे एक दोन आरामखुर्च्या, दोघांची तोंडं पुढे. लांबी साडेअकरा फूट.

इथे नियम क्रमांक चौदा आला. नऊ फुटांपेक्षा लांब वाहन इमारतीच्या आवारात ठेवता येणार नाही. आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत, पण नियमापुढे ते सख्ख्या आईलाही उभं करणार नाहीत. मी म्हटलं, "अहो, सायकल आहे." ते म्हणाले, "नियमात वाहन म्हटलंय. बैलगाडी म्हटलेलं नाही, तरी तुम्ही बैलगाडी आणलेली चालेल का?" या युक्तिवादाला उत्तर आहे असं मला अजूनही वाटतं, पण ते सापडलेलं नाही.

वेल्डरने दोन दिवस खडू हातात घेऊन विचार केला. मग पायाने मागची खुर्ची पुसली आणि तीच उलटी काढली. पाठीला पाठ. मधली पाय ठेवायची जागाच वाचली. लांबी आठ फूट अकरा इंच. सेक्रेटरींनी टेपने मोजली. पायडल आडवी असतील तर नऊ फूट दोन इंच भरत होती, म्हणून ती कायम पायडल उभी करून ठेवावी असा ठराव झाला. तो आजही सूचना फलकावर आहे.

इमारतीने सायकलचं नाव ‘खाट’ ठेवलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "निदान शेजारी-शेजारी तरी बसायचं होतं हो. या वयात पाठ फिरवून कशाला?" दुसऱ्या मजल्यावरचे विमेवाले रोज गॅलरीतून वाकून आमच्या तब्येतीची चौकशी करू लागले. त्यात धंदा किती आणि माया किती हे मी ठरवू शकलो नाही.

पहिल्या चाचणीत एक लहानसा घोळ झाला. आम्ही दोघं बसलो, वेल्डरने "हं!" म्हटलं, आम्ही जीव तोडून पायडल मारली आणि सायकल तसूभरही हलली नाही. दोघांची पायडलं एकाच साखळीने बांधलेली, आणि तोंडं विरुद्ध दिशांना. मी आम्हाला पुढे नेत होतो, ही मला मागे नेत होती. गॅलरीतून बघणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर आमचा पस्तीस वर्षांचा संसार एकदाचा कळल्याचं समाधान होतं. वेल्डरने कपाळावर हात मारला, मागच्या बाजूला साखळीचे दोन्ही पदर कातरीसारखे एकमेकांवरून नेले, आणि सायकल सुटली.

ती चालवायला शिकायला मला अठरा दिवस लागले. मी दोनदा हिरवळीत, एकदा सेक्रेटरींच्या कुंड्यांत आणि एकदा खुद्द सेक्रेटरींमध्ये शिरलो. रोज सकाळी आम्ही सराव करायचो आणि मी वहीत किलोमीटर लिहायचो. आणि रोज एक गोष्ट खटकायची. काल सराव संपताना सायकलच्या मीटरवर जो आकडा असे, त्यापेक्षा आज सकाळी तो सात-आठ किलोमीटर जास्त असे. उभी सायकल उभ्या जागी पुढे जात होती. मी मीटर कंपनीला पत्र लिहिलं की आपला मीटर उड्या मारतो. त्यांनी अत्यंत नम्रपणे कळवलं की आमचा मीटर उडी मारू शकत नाही, त्याला चाक फिरावं लागतं. मी त्याहून नम्र असं दुसरं पत्र लिहिलं. चौतीस वर्षांत एकाही यंत्राला मी माझ्या वहीपेक्षा खरं मानलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल तपासणी होती. टेबलामागे एक बाई नियमपुस्तक घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सायकलला दोन फेऱ्या मारल्या.

"मागे बसलेली व्यक्ती शर्यतीत आहे," त्यांनी विचारलं, "की परत निघाली आहे?"

"शर्यतीत आहे," मी म्हणालो.

"मग कार्डावर चालक कोण लिहू? चालक म्हणजे पुढे बघणारा."

"मग मीच," बायको म्हणाली. "मी माझ्या पुढेच बघते. मागे काय आहे ते यांना दिसत नाही, मला दिसतं."

बाईंनी पुस्तक चाळलं. पुस्तक गप्प होतं. मागे रांग वाढली होती. शेवटी त्यांनी वैतागून चालक या रकान्यात ‘दोघेही’ असं लिहून टाकलं. मला ते थोडं लागलं, पण घाई असते माणसाला. मग पेन रोखून त्या म्हणाल्या, "हा प्रकार आम्ही फक्त यंदा, प्रयोग म्हणून घेतोय. वेळेत पोचलात तर पुढच्या वर्षी नियमात बसवू. नाही पोचलात तर परत आणू नका."

मी हसलो. बायको हसली नाही. तिने विचारलं, "साडेसात म्हणजे तुमच्या घड्याळात, की सगळ्यांच्या?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. ही आपल्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी लावून घेऊ लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्यासाठी ही एक गंमत आहे आणि तिच्यासाठी नाही.

सकाळी सहाला आम्ही निघालो. हँडलला मी वेळापत्रक चिकटवलं होतं, मिनिटांसकट. पहिल्या चौकीला आम्ही त्याच्या अकरा मिनिटं मागे होतो, म्हणजे माझ्या नोकरीच्या मानाने वेळेच्या बरेच आधी.

आता एक गोष्ट आपण लक्षात घ्या. अशा सायकलवर मला दिसतात ती पुढच्यांची पाठमोरी अंगं. पण जो कोणी आम्हाला मागे टाकणार, तो आधी पाच-दहा मिनिटं माझ्या बायकोच्या समोर असतो, दिवाणखान्यात पाहुणा बसावा तसा. ती त्याची विचारपूस करते. तिसाव्या किलोमीटरपर्यंत तिला शर्यतीतला प्रत्येक माणूस माहीत झाला होता. माझ्या शेजारून जाताना अनोळखी लोक म्हणत, "काका, गुडघ्याला शेक घ्या," किंवा "घोरण्यावर उपाय आहे बरं का." मी पुढे बघत राहिलो.

त्यांतला एक साठीचा गृहस्थ लाल मोजे घालून एकट्याच्या आडव्या सायकलवर होता. चेहरा एखाद्या कारकुनासारखा. बायकोने विचारलं, "आधी केलंय का हे?" तो म्हणाला, "बाराशे केलेत. सहा वेळा." ही म्हणाली, "दमत नाही?" लाल मोजे म्हणाले, "दमतो ना. पण आभाळ बघत दमतो." आणि निघून गेले. ते मला मागे टाकून गेले तेव्हा मी वर बघितलं. चौसष्ट वर्षांत मी आभाळाखालून बराच फिरलो आहे, पण सायकलवर असताना नेहमी पुढच्या चाकाखालचा रस्ताच बघितला होता. इथे मान टेकलेली, डोळे आपोआप वर. एवढं मोठं आभाळ आमच्या डोक्यावरून सावकाश मागे सरकत होतं आणि कोणी त्याचे पैसे घेत नव्हतं. मी खड्ड्यात गेलो.

"खड्डा!" मी ओरडलो.

"कळलं," मागून आवाज आला.

शंभराव्या किलोमीटरला चढावर साखळी उतरली. आमची साखळी तीन सायकलींच्या साखळ्या जोडून केलेली, त्यात पीळ. ती उतरली की परत चढवणं म्हणजे गुंतलेल्या लोकरीतून टोक शोधणं. आम्ही रस्त्याकडेला दोन बाजूंनी आडवे होऊन हात काळे करत असताना एक दुधाची गाडी करकचून थांबली. चालकाने उडी मारली. "काका, हात द्या! कोणी ठोकलं?"

"कोणी नाही. आम्ही असेच आहोत."

"घाबरू नका, दवाखाना इथेच आहे." त्याने सायकल उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" बायको अशी ओरडली की गाडीतले कॅन वाजले. "मदत घेतली की बाद होऊ आम्ही!"

तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. आम्ही चाळीस मिनिटं साखळीशी झुंजलो आणि तो चाळीस मिनिटं हात मागे बांधून, ओठ चावत, बघत उभा राहिला. भल्या माणसाला मदत करू न देणं ही किती मोठी शिक्षा आहे ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. साखळी बसली तेव्हा त्यानेच टाळ्या वाजवल्या, आणि मग घाबरून विचारलं, "हे चालतं ना?"

मग उतार आला. आडवी सायकल चढावर गोगलगाय असते, पण उतारावर तिला वाराच अडवत नाही. ताशी चाळीस, पन्नास, सत्तावन्न. वळण संपलं आणि एकदम खाली सगळी दरी उघडी पडली. नदी, तिच्यावरचा चिमुकला पूल, शेतांचे तुकडे आणि त्यांवरून पळणारी एका ढगाची सावली. तिच्याबरोबर आम्ही शर्यत लावल्यासारखे. मी अवाक झालो. हे काळ्या काचेतून बघणं बरं नव्हे असं वाटून मी गॉगल कपाळावर केला.

तोंड उघडं असूनही समोरून आलेला किडा डोळ्यातच का गेला, हे मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या चौकीवर पोचलो तेव्हा माझा उजवा डोळा बटाट्याएवढा झाला होता आणि डावा त्याच्या सहानुभूतीने रडत होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहासष्ट किलोमीटर बाकी होते. वेळापत्रकात या ठिकाणी ‘चहा, सात मिनिटे’ असं लिहिलं होतं. मी पाणी मारलं, फुंकर मारून घेतली, पण रस्त्यावरच्या एका पांढऱ्या पट्ट्याचे मला तीन पट्टे दिसत होते. मी बाकावर बसलो.

"संपलं," मी म्हणालो. "मला दिसत नाही."

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. मग तिने आपल्या रुमालाने माझा डोळा बांधला, गाठ मारली आणि म्हणाली, "मागच्या सीटवर बसणाऱ्याला दिसायची गरज नसते."

"आणि चालवणार कोण?"

ती उठली. खिशातून पाना काढला. पाना तिच्या खिशात होता ही गोष्ट मी एका डोळ्याने टिपली. तिने पुढची सीट सैल केली, दोन बोटं पुढे घेतली, आवळली. हात शोधत नव्हते. त्या सीटची जागा हातांना पाठ होती.

"अगं, मला अठरा दिवस लागले!"

"मला बावीस," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपायचात तेव्हा. वेल्डर मागे बसायचे."

"रोज किती?"

"सात-आठ किलोमीटर."

मी मीटरकडे बघितलं. मीटरने काहीही दाखवून दिलं नाही. सभ्य यंत्र आहे ते.

एवढ्यात शिक्का मारायला त्याच नियमबाई आल्या. आमची अदलाबदल बघून त्यांनी पुस्तक उघडलं. "चालक मध्येच बदलता येत नाही." बायकोने कार्ड पुढे केलं. बाईंनी रकाना वाचला. स्वतःचंच अक्षर ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. "दोघेही," त्या म्हणाल्या. पुस्तक मिटलं. शिक्का मारला तो जरा जोरातच.

आणि मी उलटा निघालो.

उलटं बसून काय दिसतं, हे आधी मी कधी विचारलंच नव्हतं. रस्ता आपल्या पायांखालून बाहेर पडतो आणि लांब, लांब होत जातो. झाडं आधी शेजारून सटकतात आणि मग हळूहळू एकमेकांजवळ जाऊन उभी राहतात. गोष्टी मला दिसायच्या त्या होऊन गेल्यावर. आधी दणका बसायचा, मग खड्डा दिसायचा. एकशे चौतीस किलोमीटर ही बाई असे दणके खात बसली होती. पुढे काय आहे ते माझ्या ओरडण्यावरून समजून घेत होती, आणि माझं ओरडणं, आता लक्षात येतं, बहुतेक वेळा दणक्यानंतरचं होतं. तिने एकदाही ‘नीट चालवा’ म्हटलं नव्हतं.

आता ती चालवत होती, आणि दणके कमी होते.

"डावीकडे वळतोय," ती आधीच सांगायची. "चढ आहे, लहान आहे. खडी आहे. झालं." मी तिची पाठ माझ्या पाठीला हलताना जाणवून घेत होतो. तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता, पाठीतून कळत होता. मी घड्याळ बघून सांगत होतो, "पाच वाजून बावीस... आपण एकोणीस मिनिटं मागे आहोत."

"अहो, वेळ सांगू नका."

"माझं कामच ते आहे!"

"आज माझं आहे. तुम्ही पायडल मारा."

मी मारली. तिसऱ्या चौकीवर शिक्का घेतला, पाणी प्यायलो, एक केळं दोघांत खाल्लं. शेवटच्या वीस किलोमीटरला समोरून वारा होता. समोरून म्हणजे तिच्या समोरून. माझ्या बाजूला शांत होतं. तिच्या पाठीच्या आडोशाने मी बसलो होतो, सूर्य माझ्यासमोर उतरत होता आणि आम्ही काटलेला सगळा रस्ता तांबडा झाला होता. त्या रस्त्यावर शेवटपर्यंत कोणी नव्हतं. आम्ही शेवटचे होतो. तरीही तो एवढा लांब रस्ता आम्ही पाठीमागे टाकला आहे, दोन माणसांच्या चार गुडघ्यांनी, यावर माझा एक डोळा विश्वास ठेवायला तयार होईना. माझ्या गुडघ्यांत काही उरलेलं नव्हतं. साखळी एकच असल्यामुळे माझे पाय नुसते फिरत होते, आणि ते कोण फिरवत होतं ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. तिला ते पाठीतून कळलं असणारच.

मग एकदम रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांच्या पाठी आल्या, त्या पाठी वळल्या आणि त्यांचे चेहरे झाले. लाल मोजे टाळ्या वाजवत होते. दुधाची गाडी उभी होती. तिच्या टपावर तो भला माणूस दोन्ही हात उंचावून नाचत होता, कारण आता मदत नव्हती, नुसता आनंद होता. डोक्यावरून एक कमान गेली. मला तिची मागची बाजू दिसली, नुसतं कोरं कापड. सायकल थांबली.

"काय झालं?" मी विचारलं. "का थांबलीस? साखळी?"

मग तिची पाठ गदगदली आणि मला वाटलं, ही रडते आहे. ती हसत होती.

"अहो, पोचलो."

नियमबाईंच्या घड्याळात सात वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. चौतीस वर्षं मी पोचण्याच्या वेळा लिहिल्या. एकदा स्वतः वेळेत पोचलो, तेव्हा तोंड दुसरीकडे होतं.

बाईंनी कार्ड भरलं. शेऱ्याच्या जागी पेन अडलं. मग त्यांनी लिहिलं, ‘दोघेही वेळेत. हा प्रकार पुढील वर्षी नियमात घ्यावा.’ ते कार्ड आमच्याकडे भिंतीवर आहे. सेक्रेटरी येऊन बघून गेले. काकू दोनदा बघून गेल्या आणि दुसऱ्यांदा जाताना म्हणाल्या, "चालवत होतं कोण, ते यात कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "पहिल्या रकान्यात."

डोळ्याची सूज उतरल्यावर मी एक काम केलं. मीटर कंपनीला तिसरं पत्र लिहिलं. ‘महोदय, आपला मीटर उड्या मारतो ही माझी तक्रार मी मागे घेत आहे. मीटर पहिल्यापासून बरोबर होता. माझी वही अपुरी होती. कळावे.’

पत्र पेटीत टाकायला ही दुपारी सायकल घेऊन गेली. मी झोपलो नव्हतो. मी मागे बसलो होतो.